बावीसच्या वर सगळं ठीक

आमच्या डिपार्टमेंटचे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. टेबलावर ब्रेकची काळी धूळ साठते, तसे ते साठतात. तुम्ही लोक चहा घेऊन बसलात की म्हणता, "जोशी, होऊन जाऊ दे एखादा!" घ्या मग. पण सगळे हसण्यासारखे नाहीत, आधीच सांगतो.

जर्मनीत आखनजवळच्या एका कंपनीत मी वॉरंटीचे अर्ज तपासतो. गाडी आमच्या हॉलमध्ये येते, चाक काढायचं, मोजायचं. ब्रेकची डिस्क दोन वर्षांच्या आत झिजून बावीस मिलिमीटरच्या खाली गेली, तर कंपनी बदलून देणार. वर असेल तर ठीक आहे, चालवा! डिस्कला घासून गाडी थांबवणाऱ्या पॅडला मर्यादा दोन मिलिमीटरची.

०

आमचे साहेब हेर लोरेन्झ. इकडे 'हेर' म्हणजे श्रीयुत. एकदा एका गृहस्थांच्या गाडीचा पॅड भरला दोन पूर्णांक एक. अर्ज नामंजूर! गृहस्थ भडकले. "अहो, घरी पोचेपर्यंत दोन होईल तो!"

लोरेन्झ शांतपणे म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर. मग घरी पोचून अर्ज करा."

त्या दिवशी आम्ही पोट धरून हसलो होतो. मीसुद्धा.

०

साळुंखेदादा माझ्या शेजारच्या टेबलावर. चिंचवडच्या कारखान्यात वीस वर्षं घालवून इकडे आलेले. येताना जाडी मोजायचा स्वतःचा मायक्रोमीटर आणला, फडक्यात गुंडाळून. लोरेन्झने तो उलटासुलटा करून पाहिला. "तपासणीचा स्टिकर कुठाय?"

"साहेब, वीस वर्षं माझ्या हातात आहे हा. एकदाही खोटं बोलला नाही."

"स्टिकर नाही, म्हणजे आकडा नाही."

दादा माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "याच्या आईनं हॉस्पिटलातून याला स्टिकर बघूनच घरी आणलं असणार!"

०

माझी इशा सात वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. तिच्या सायकलचा ब्रेक कुरकुरत होता. मी बसल्या जागेवरून म्हटलं, "चालेल गं अजून."

तिने आईकडे पाहिलं आणि माझ्या आवाजात ठणकावलं, "आबगेलेन्ट!" म्हणजे नामंजूर. मी फोनवर दिवसभर बोलतो तो शब्द!

बायको हसली, मग म्हणाली, "अहो, पोरीची सायकल तरी नीट बघा." बघितली. रबर पार संपलं होतं, नुसतं लोखंड घासत होतं. 

०

आता मोजण्याची गोष्ट. आमच्या फॉर्मला फोटो लागतो, आणि फोटोत व्हर्नियरचा, म्हणजे मोजायच्या सरकत्या पट्टीचा, आकडा दिसला पाहिजे. व्हर्नियरचे सरळ जबडे टेकतात डिस्कच्या काठावर. पॅड घासतो आतल्या भागावर, काठ तसाच राहतो, वर गंज चढून उलट जाड होतो.

दादा रोज ओरडायचे, "अहो, काठ काय मोजताय! काठ कधी झिजतो का? पॅड लागतो तिथे मोजा की!"

"आल्झो, हे बघा," लोरेन्झ म्हणायचे, "फॉर्ममध्ये असंच आहे." आणि मी फोटो काढायचो.

०

वेबरबाई, इकडच्या भाषेत फ्राऊ वेबर, नर्स होती. डोंगरातल्या गावांत घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांना इंजेक्शनं द्यायची, आंघोळ घालायची. गाडी घेऊन तीनदा आली. पहिल्यांदा आमच्यासाठी घरचा प्लमचा केकही आणला होता. तिसऱ्यांदा केक नव्हता.

"उतारावर ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं हो. मला भीती वाटते. पण गाडी घरी ठेवली तर माझ्या म्हाताऱ्यांकडे कोण जाणार?"

व्हर्नियर म्हणाला बावीस पूर्णांक चार. दादांनी वाकून आपला मायक्रोमीटर आत लावला. एकवीस पूर्णांक तीन! त्यांनी फॉर्मच्या कडेला पेन्सिलीने आकडा लिहिला, खाली रेघ मारली आणि माझ्यासमोर ठेवला.

माझं कॉन्ट्रॅक्ट पुढच्या महिन्यात संपत होतं. नव्यावर लोरेन्झची सही व्हायची होती. मी खोडरबर घेतलं. आकडा खोडला, भुगा फुंकला आणि बाईंना सांगितलं, "डिस्क मर्यादेत आहे. काळजी करू नका." काळजी करू नका! हे शब्द माझे होते, फॉर्ममध्ये नव्हते. आजही आठवलं की स्वतःची शिसारी येते.

 त्या दिवसापासून दादा माझ्याबरोबर जेवायला बसायचे बंद झाले.

सही झाली.

०

पाच आठवड्यांनी पोलिसांकडून एक खोकं आलं. आत एक डिस्क, आरपार तडकलेली. चिठ्ठीवर गाडीचा नंबर. तो मला पाठ होता. उतारावरून गाडी थेट खालच्या दगडी भिंतीवर गेली होती. फ्राऊ वेबर जागेवरच गेली.

पोलिसांना आमच्याकडून जाडी हवी होती. कागदावर चौकट एकच. मी व्हर्नियर लावला: बावीस पूर्णांक चार. दादांनी फडकं सोडून मायक्रोमीटर टेबलावर ठेवला. मी तोही लावला. एकवीस पूर्णांक तीन.

लोरेन्झ मागे उभे होते. "त्याला स्टिकर नाही, हेर जोशी."

 समोर दिसली ती पेन्सिल मी उचलली.

दादांनी ती माझ्या बोटांतून काढून घेतली आणि खिशातलं बॉलपेन पुढे केलं.

"पेन्सिल नको, जोशीसाहेब. तुम्ही खोडता."