शेवटची इनिंग आणि आमचा मेन स्विच

आमच्या मुक्ताचं लग्न मी गॅरेजमधला मेन स्विच बंद करून जमवलं.

लोक पत्रिका बघतात, ओळखी काढतात, कांदेपोहे करतात. (पोहे आम्हीही केले होते. त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघितलं नाही, हे दुःख आमच्या हिला आजतागायत आहे.)

मुक्ताला ऑकलंडचा कुणाल वानखेडे पसंत होता. मुलगा आयटीत, हसरा, भांडी घासणारा. अडचण एकच. त्याचे वडील! वानखेडेसाहेब न्यूझीलंडला येण्याआधी दहा वर्षं अमेरिकेत होते आणि तिथून येताना बेसबॉलचं वेड घेऊन आले होते. आणि कुणाल म्हणजे वडिलांच्या होकाराशिवाय पाऊल न उचलणारा. फोनवर लग्नाचं नाव काढलं, की वानखेडेसाहेब म्हणायचे, "साठेसाहेब, मुलांची ओळख सहा महिन्यांची. हा तर नुसता एप्रिल झाला, सीझनची सुरुवात. एप्रिलमध्ये कुणाचेही आकडे चांगलेच दिसतात हो! खरा खेळाडू कळतो तो ऑक्टोबरात, प्लेऑफच्या बाद फेरीत."

अखेर ऑक्टोबरातल्याच एका रविवारी सहकुटुंब आमच्याकडे, लोअर हट या गावी, यायचं त्यांनी कबूल केलं. नेमकी त्याच दुपारी त्यांच्या टीमची निर्णायक मॅच. हरली की सीझन खलास. मॅच चालू असताना हे विमानात. म्हणून हुकूम आला, "मॅच रेकॉर्ड करा. घरी येऊन बघू. स्कोअर कुणी सांगायचा नाही, आणि लग्नाचं बोलणं मॅचनंतर. जिंकलो तर आजच तोंड गोड करू."

"आणि हरलात तर?" मी विचारलं.

"मग पुढचा सीझन बघू."

हे ऐकून मुक्ताचा चेहरा उतरला. "बाबा, प्लीज, यू जस्ट कीप क्वाएट," ती म्हणाली. ही म्हणाली, "यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. यांना स्कोअर कळूच द्यायचा नाही." एवढं बोलल्यावर माणूस स्कोअर बघणार नाही तर काय करणार?

पाहुणे विमानातून उतरायची वाट बघत मी विमानतळाच्या पार्किंगमध्ये बसलो होतो. फोन काढला. मी काही अगदीच अडाणी नाही. आपण अमेरिकेच्या एक दिवस पुढे. म्हणजे आपला रविवार तो त्यांचा शनिवार. म्हणून मी शनिवारवर बोट ठेवलं. वानखेड्यांच्या टीमसमोर लाल अक्षरांत, हरले!

तेवढ्यात मुक्ता पाहुण्यांना आतून घेऊन आली. वाऱ्याने वानखेडेसाहेबांची टोपी उडवली, ती मी धावत जाऊन पकडली. "वा! कॅच!" ते म्हणाले. मला रडूच यायचं बाकी होतं.

गाडीत ते मला आकडेवारी समजावत होते. "हा आमचा बॅटर बघा, दहापैकी तीन वेळा यशस्वी होतो. महान खेळाडू!"

"आणि उरलेल्या सात वेळा?"

"आउट."

"आमच्या गल्लीत असल्याला फिल्डिंगलाही ठेवला नसता!" मी बोलून गेलो. मागच्या सीटवरून मुक्ताने माझ्या पाठीत बोट खुपसलं.

"काल हरलो हो," वानखेडेसाहेब उसासा टाकून म्हणाले. "म्हणून आजचा जीव टांगणीला."

काल हरले आणि आजही हरले! बिचारा माणूस, मला वाटलं. आणि त्याहून बिचारी माझी पोर.

मनाशी ठरवलं, मॅच संपायच्या आत लग्नाचं बोलणं उरकायचं. घरी पोचल्या पोचल्या मी पेढ्यांचा डबा पुढे केला. "साहेब, आधी तोंड गोड करू, मग निवांत मॅच."

"मॅचनंतर."

"मॅच काय, पळून जाते की काय? रेकॉर्डच केलीय."

"साठेसाहेब," ते गंभीरपणे म्हणाले, "जिंकायच्या आधी पेढा खाणं म्हणजे अपशकुन."

पडदे ओढले. मॅच सुरू झाली. त्यांच्या टीमने पहिली धाव काढली तेव्हा आमची ही चटणीची वाटी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात होती. वानखेडेसाहेब ओरडले, "वहिनी, तिथेच थांबा! हलू नका!"

भारतात क्रिकेट बघताना आपण हेच करायचो. सचिन खेळतोय तोवर काकाने एका पायावर उभं राहायचं. वानखेडेसाहेबांनी देश दोनदा बदलला, खेळ बदलला, ही सवय मात्र सोडली नाही. ही वाटी घेऊन उभीच. तिच्या नजरेचा अर्थ मला कळत होता आणि तो शुभ नव्हता.

मी मधूनमधून प्रयत्न करत होतो. "साहेब, मुलं किती छान दिसतात नाही शेजारी शेजारी?"

"श्श! पिचर बदलतोय."

"डिसेंबरात इथे हवा छान असते. हॉलही मिळतात."

"बाबा!" मुक्ता दातओठ खात म्हणाली.

शेवटची इनिंग आली. वानखेडेसाहेबांची टीम एका धावेने मागे, दोघे बेसवर धावायच्या तयारीत, आणि समोर तोच दहापैकी तीनवाला! वानखेडेसाहेब उशी छातीशी धरून बसलेले. त्यांच्या सौ. मंगलाताई डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होत्या. मुक्ता कुणालचा हात घट्ट धरून होती. आता हा आउट होणार, मॅच हरणार, आणि माझ्या पोरीचं लग्न पुढच्या सीझनला जाणार, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं! मला ते बघवेना.

"जरा खोकला," असं पुटपुटत मी गॅरेजमध्ये गेलो आणि मेन स्विच खाली ओढला.

आतून वानखेडेसाहेबांचा जो आवाज आला, तसा मी आयुष्यात ऐकला नव्हता.

मी धावत आत आलो. "अरेरे! हा इथला वारा! लाइट गेली वाटतं! तर साहेब, लाइट येईपर्यंत आपण लग्नाचं..."

पलीकडे शेजाऱ्याचा रेडिओ खणखणीत वाजत होता.

"आता फोनवरच बघतो," म्हणत वानखेडेसाहेबांनी फोन काढला. मी झडप घातली. "नको! नका बघू! साहेब, तुम्ही हरलात हो!"

ही चटणीसकट पहिल्यांदा हलली.

"तुम्हाला कसं माहीत?" वानखेडेसाहेबांनी विचारलं.

मी गुपचूप माझा फोन पुढे केला. कुणालने तो बघितला आणि हळूच म्हणाला, "काका, ही कालची मॅच आहे."

"असं कसं? मी एक दिवस वजा केला होता!"

"बाबा," मुक्ता कपाळाला हात लावून म्हणाली, "द ॲप इज ऑलरेडी ऑन अवर टाइम!"

आणि वानखेडेसाहेबांनी स्वतःच्या फोनवर आजचा निकाल वाचला. जिंकले होते. लाइट गेली त्याच बॉलवर होमरन, म्हणजे आपली सिक्सर! सीझनमधला सर्वांत मोठा क्षण, आणि मी त्यांच्या डोळ्यांसमोरून ओढून नेला होता! संपलं, मी म्हटलं. माझ्या पोरीचं लग्न मी माझ्याच हाताने मोडलं. लाजेने मला वर बघवेना.

त्यांनी फोन खिशात ठेवला. मग विचारलं, "मेन स्विच कुठे आहे?"

"गॅरेजमध्ये," मी कसाबसा म्हणालो.

"म्हणजे होमरन गेली तेव्हा तुम्ही गॅरेजमध्ये उभे होतात."

"अहो, मॅच दुपारीच संपली होती!" ही न राहवून म्हणाली.

"त्याचा काही संबंध नाही वहिनी," वानखेडेसाहेब उठले आणि त्यांनी पेढ्यांचा डबा उघडला. "असा हाताला यश असलेला माणूस दुसऱ्या कुणाचा व्याही झाला तर आमचं कसं व्हायचं? लग्न ठरलं!"

मुक्ता रडत रडत हसायला लागली आणि माझ्या गळ्यात पडली. "यू आर सो एम्बॅरसिंग, बाबा," ती म्हणाली. मीही रडलो, खोटं कशाला बोलू?

लग्न झालं, छान चाललंय. पण तेव्हापासून दर ऑक्टोबरला ऑकलंडहून फोन येतो, "व्याही, पोचलात का जागेवर?" आणि मी जॅकेट आणि जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून, लॉन मोवरच्या शेजारी, मेन स्विचकडे तोंड करून उभा राहतो. तिकडे ऑकलंडला सगळे मॅच बघतात.

मी उभा असताना त्यांची टीम दहापैकी तीनेक वेळा जिंकते. व्याही म्हणतात, बेसबॉलमध्ये याला महान खेळाडू म्हणतात. ही म्हणते, आमच्याकडे याला रिकामटेकडा म्हणतात.