उबाल्दिनाच्या बैठका

आमच्या 'ला बारा' नावाच्या वस्तीतली घरं खाडीच्या पाण्यात, लाकडी खांबांवर उभी. तिसऱ्या रांगेत उबाल्दिना राहायची. ओहोटी लागली की तिवरांच्या चिखलात शिरून शिंपल्या काढायची आणि बाजारात विकायची. नगरपालिकेनं किनारा नव्यानं वसवायची टूम काढली, तेव्हा वस्तीनं तिलाच प्रतिनिधी नेमलं. तिला नवरा-मुलं नव्हती, म्हणजे वेळच वेळ असणार, असा सगळ्यांचा समज.

महापौर बदलला की आर्किटेक्ट बदलायचा आणि पुन्हा पहिल्यापासून बैठका सुरू. एकानं तर आम्हाला सरळ महामार्गापलीकडच्या टेकडीवर हलवायचं ठरवलं होतं.

"टेकडीवर काय मासे धरायचे?" उबाल्दिना त्याला म्हणाली.

वस्तीतल्या बायका घेऊन ती नगरपालिकेच्या दारात बसून राहिली. पावसात भिजली, तापानं फणफणली, पण टेकडीचा बेत रद्द झाला. तिची उमेद मात्र त्या तापातून काही उठली नाही. पुढे बैठकीला निघताना ती उंबऱ्यात थोडा वेळ नुसतीच उभी राहायची.

शेवटी मारिसेल नावाची आर्किटेक्ट आली. तिचा आराखडा आम्हाला पटण्यासारखा होता. खाली दुकानं आणि मासळीबाजार, वर बिऱ्हाडं, समोर होड्यांना धक्का. फक्त पाण्याकडची पहिली रांग काढून तिथं तिवरं लावायची होती.

"तिवरं नसतील तर मागच्या इमारतींचा पायाही लाटा खातील," मारिसेल म्हणाली.

"दुसरा काही मार्ग?"

"खूप शोधला, उबाल्दिनाबाई. नाही सापडला."

पहिल्या रांगेत उबाल्दिनाच्या धाकट्या बहिणीचं, नेल्फीचं घर होतं. तिच्या नवऱ्यानं, आरिस्तार्कोनं ते स्वतःच्या हातानं बांधलं आणि पुढच्याच वर्षी तो समुद्रावर गेला तो परत आलाच नाही.

चर्चच्या दालनात हात वर करून मतं घेतली. उबाल्दिनाचा हात सगळ्यात शेवटी वर गेला.

"तुझं घर तिसऱ्या रांगेत ना, ताई!" नेल्फी सगळ्यांदेखत ओरडली. "हात उचलायला तुझं काय जातंय?"

उबाल्दिनानं हात खाली घेतला. बैठक संपेपर्यंत खुर्चीत बसून राहिली.

पहिल्या रांगेतली घरं उतरवली गेली. नेल्फी बाजारामागच्या भाड्याच्या खोलीत राहायला गेली. उबाल्दिना नारळाच्या रसातल्या शिंपल्या पाठवायची, पातेलं जसंच्या तसं परत यायचं. काही दिवसांनी तिनं पाठवणंच सोडलं.

एक इमारत उभी राहिली आणि काम थांबलं. घरं थोडी, माणसं जास्त. पण पहिल्या रांगेवाल्यांना आधी घर, अशी अट पालिकेशी झालेल्या करारात होती. नेल्फीला दुसऱ्या मजल्यावर घर मिळालं, खाली मासे तळायचा गाळाही. उबाल्दिना आपल्या कुजक्या खांबांवरच राहिली.

एका दुपारी नेल्फी तळलेली केळी घेऊन तिच्याकडे आली.

"ती अट कुणी घालायला लावली?"

"बैठकीत ठरलं."

"कुणी लावून धरलं, ते विचारतेय."

"मीच. खा आता, गार होतंय."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"दमले होते गं. तुझ्याशी भांडायला तरी त्राण हवं ना."

नेल्फी रडली. उबाल्दिनाला रडूही आलं नाही. ती केळी खात राहिली.

यंदा दुसऱ्या इमारतीसाठी पुन्हा बैठका निघाल्या. महापौर नवा, आर्किटेक्टही नवा. पालिकेचा माणूस बोलवायला आला तेव्हा उबाल्दिना टांगलेल्या झोळीत पडली होती आणि नेल्फी तिच्या पायांना तेल चोळत होती.

"मी नाही येणार. पाय दुखतात," ती त्याला म्हणाली. मग बहिणीकडे वळून हळूच म्हणाली, "पाय नाही गं, कान दुखतात."

नेल्फीनं हात पुसले. "मी जाते. काय बोलायचं ते सांग."

"तुला बोलायला शिकवायचं? फक्त मधेच उठून येऊ नकोस."

नेल्फी गेली, आता दर बैठकीला जाते. लावलेल्या तिवरांपैकी निम्मी मेली, उरलेली गुडघाभर वाढलीत. दुसऱ्या इमारतीचा अजून पायाही खणलेला नाही. उबाल्दिना दुपारी झोपते, आणि आम्ही तिच्या दारावरून जाताना आवाज करत नाही.