आयर्लंडसाठी घेतलेले रेनकोट

मंडळी, आज दुपारी शारजातल्या आमच्या हॉलमध्ये एसी फुल करून आम्ही तिघं रेनकोट घालून बघत होतो. पुढच्या आठवड्यात आयर्लंडला निघायचं होतं. उभे कडे, खवळलेला समुद्र, कान बधिर करणारा गार वारा. या उन्हात इतकी वर्षं मी तेवढंच मागत होते.

तेवढ्यात पुण्याहून दादाचा फोन आला. आई बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलंय.

माझ्या मनात आधी आयर्लंड आलं, आई नंतर.

"सो, पुणे अगेन?" लेकीने रेनकोट काढत विचारलं. नवरा पुण्याची तिकिटं बघायला लागला.

आता आयर्लंड दिसेल ते आई गेल्यावरच, असं मनात येऊन गेलं. तुमच्याही येतं का, की मीच अशी?