ब्राउनश्वाइगमधला क्रू चीफ

एअर फोर्समधून रिटायर झालेले सासरे घरात असले की किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते आपोआप साठतात, फ्रीजमधल्या चटण्यांसारखे. संपतही नाहीत आणि टाकवतही नाहीत!

माझे सासरे एकाहत्तरच्या युद्धात बाँबर विमानाचे क्रू चीफ होते. म्हणजे विमान उडवणार पायलट, पण ते जमिनीवर असेपर्यंत राज्य बाबांचं. आता ऐंशीला टेकलेत. दर उन्हाळ्यात पुण्यातल्या धानोरीहून आमच्याकडे जर्मनीत ब्राउनश्वाइगला येतात आणि इथेही राज्य चालूच ठेवतात.

*

पहिल्याच वर्षी त्यांना कुणीतरी सांगितलं, की इथे मार्डर नावाचा मुंगसासारखा प्राणी गाड्यांत शिरून वायरी कुरतडतो. झालं! विमान उभं असताना त्याची सगळी भोकं बंद करायची, हा बाबांचा धर्म.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या नवऱ्याची, निखिलची, गाडी काही केल्या सुरू होईना. ऑफिसात मीटिंग, तोंडाला फेस! शेवटी मेकॅनिकला बोलावलं. त्याने मागे वाकून सायलेन्सरच्या नळीतून एक घट्ट वळलेला बोळा ओढून काढला. माझ्या जुन्या पडद्याचा. त्याला हातभर लांब लाल पट्टी.

"बाबा, हे काय?" निखिल ओरडला.

बाबा शांतपणे म्हणाले, "लाल पट्टी दिसत होती ना? गाडीभोवती एक चक्कर न मारता आत बसणाऱ्याला मी माझ्या विमानाला हात लावू दिला नसता!"

मेकॅनिकला मी भाषांतर करून सांगितलं. तो म्हणाला, "गेनाऊ!" म्हणजे, अगदी बरोबर! त्या दिवसापासून निखिल चक्कर मारतो.

*

सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये बाबांना माझी वाट बघत उभं करू नये, हे मला उशिरा कळलं. बाहेर येऊन बघते तर हे दोन्ही हात वर करून, विमानाला करतात तशा खुणांनी, गाड्या आत घेतायत! आणि जर्मन माणसं निमूटपणे लागतायत रांगेत.

एक गृहस्थ गाडी लावून नुसतेच बसून राहिले होते. मी काच वाजवून विचारलं, काही त्रास होतोय का?

"नाही," ते म्हणाले, "त्यांनी अजून इंजिन बंद करायची खूण केलेली नाही."

*

पण गणपतीतल्या जेवणाचा किस्सा आमच्या इथल्या मराठी ग्रुपमध्ये अजून निघतो. क्रू चीफचा नियम असा, की काम संपलं की हत्यारं मोजायची. एक पाना जरी कमी असेल तरी विमान हलणार नाही, कारण तो इंजिनात राहिला असेल तर माणसं मरतील. हे बरोबरच आहे हो! पण श्रीखंडाच्या चमच्यांना कशाला लावायचं?

एक चमचा कमी भरला. बाबा दारात उभे. "एकही गाडी हलणार नाही!"

पाहुण्यांनी सोफे उचलले. गणपतीमागे पाहिलं. कुणाचे मोदकाचे डबे उघडून झाले. चमचा शेवटी बाबांच्याच झब्ब्याच्या खिशात निघाला!

मला वाटलं, आता तरी ओशाळतील. ते म्हणाले, "बघा! मोजलं म्हणून सापडला."

*

इथून जवळच एका गावात हौशी मंडळींचा फेराइन, म्हणजे क्लब, आहे. शनिवारी जमून ते एक जुनं बाँबर विमान घासतपुसत असतात, बाबांच्या विमानाच्याच जातीचं. बाबांना तिथे नेलं आणि माझ्या घरातली शिस्त एकदम निम्म्यावर आली.

त्यांचा अध्यक्ष क्लाऊस जुना पायलट. तो चिखलाच्या बुटांनी शिडी चढायला लागला तशी बाबांनी त्याची पॅन्ट धरली. "शूज! विमान माझं असतं. पायलटला थोडा वेळ उसनं देतो, एवढंच."

क्लाऊस खदखदून हसला. "आमचा चीफही अगदी हेच म्हणायचा!" आणि मुकाट्याने बूट काढले. मोज्यातून अंगठा बाहेर.

*

यंदा मात्र प्रकरण गंभीर झालं. हँगर पाडायचं ठरलं. विमान हलवायला एकच जागा होती, गावातली शेड. नाहीतर भंगार. पण शेडसमोर फ्राऊ लिंडनर राहतात. पंच्याऐंशी पार केलेल्या, गावात त्यांचा शब्द कुणी मोडत नाही. त्यांनी स्पष्ट सांगितलं, "माझ्या खिडकीसमोर बाँबर नको."

"तोडणार?" बाबांनी मला दोनदा विचारलं. मला त्यांच्याकडे बघवेना.

क्लाऊसने बाईंना निदान एकदा बघून जा म्हणून गळ घातली. त्या वॉकर ढकलत आल्या. क्लाऊसने भाषण पाठ केलं होतं, पण त्या त्याला ओलांडून थेट ओव्हरऑल घातलेल्या बाबांसमोर थांबल्या. भाषांतराला मी मध्ये.

"असली विमानं तुम्ही पाठवायचात?"

"हो."

"आणि मग?"

"मग वाट बघायचो. परत येईपर्यंत घशाखाली घास उतरायचा नाही."

बाई विमानाच्या पोटाकडे बघत राहिल्या. "आम्हीही वाट बघायचो. तळघरात. ती परत जाईपर्यंत. महायुद्धात मी पाच वर्षांची होते. आमच्याही घशाखाली काही उतरायचं नाही."

हे मी बाबांना मराठीत सांगितलं. क्लाऊसने टोपी काढली.

बाबांनी खुर्ची ओढून त्यांच्यापुढे ठेवली. मग आपला डबा उघडला आणि मला म्हणाले, "अदिती, त्यांना विचार, आज जेवल्यात का?"

नव्हत्या जेवल्या.

बाबांनी थालीपिठावर लोण्याचा गोळा ठेवून दिला. पहिल्याच घासाला बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "तिखट आहे," म्हणाल्या आणि दुसरा घास घेतला.

क्लाऊसला राहवेना. "आल्झो... म्हणजे, फ्राऊ लिंडनर, मग विमानाचं काय करायचं?"

बाई घास चावत म्हणाल्या, "आधी मला जेवू द्या. मग सांगते, शेडमध्ये विमानाचं नाक कुठल्या बाजूला ठेवायचं ते!"