उभी गाडी ज्याच्या बाजूला

उस्तादांनी माझं बोट फोडलं तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते, कॉलेजात जाणाऱ्या मुलीची आई होते आणि रामदासपेठेतल्या एका लॅबमध्ये दिवसभर लोकांच्या नसा शोधून रक्त काढत होते. मला हात लावायची कोणाची टाप नव्हती. त्या दिवशी गांधीबागेच्या गल्लीत माझ्या डाव्या हाताला कापडाचा टेम्पो उभा होता, समोरून एक स्कूटरवाला येत होता आणि मी गाडी तशीच पुढे दामटली. उस्तादांनी स्वतःच्या पायाशी असलेला ब्रेक दाबला आणि त्याच झटक्यात स्टिअरिंगवरच्या माझ्या बोटांवर धोटा हाणला. नखाखालून रक्त आलं. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याकडेही एक ब्रेक असतो, हे मला ठाऊक होतं. धोट्याचं कोणी सांगितलं नव्हतं.

धोटा म्हणजे हातमागावर दोऱ्याची कांडी पोटात घेऊन इकडून तिकडे पळणारं लाकूड. दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या. उस्तादांचे वडील विणकर होते. माग भंगारात गेला, धोटा तेवढा राहिला, आणि लोक गाडीत जिथे गणपती बसवतात तिथे उस्तादांनी तो ठेवला. वडिलांनी याच धोट्यानं त्यांना बडवलं होतं, त्यांनी याच धोट्यानं निम्म्या इतवारीला गाडी शिकवली. एकदा चिडून मी म्हणाले की वडिलांचा राग आमच्यावर काय काढता. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "मागावर एका वक्ती एकच धोटा जाते, बाई. समोरून दुसरा आला तर कापड फाटते."

"उभी गाडी ज्याच्या बाजूनं, थांबनं त्याचं." त्यांचं सगळं शास्त्र एवढंच. क्लच आणि गिअर त्यांच्या मते माकडालाही जमतं. इतवारीतल्या गल्ल्यांत दोन्हीकडे हातगाड्या आणि टेम्पो लागलेले, मधून जेमतेम एक गाडी जाणार. तुमच्या बाजूला कोणी गाडी लावून गेलं असेल, तर तिला वळसा घालायला तुम्हाला समोरच्याच्या अर्ध्यात शिरावं लागतं. म्हणजे वाट त्याची, थांबायचं तुम्ही. तेही उभ्या गाडीच्या बुडाला चिकटून थांबायचं नाही. गाडीभर मागे थांबायचं, म्हणजे पुढचं दिसतं. लाइट मारायचा नाही, कारण आमच्या गावात लाइट मारला की समोरच्याला वाटतं हाच घुसतोय. खिडकीतून हात काढायचा, तळवा वर करायचा आणि त्याला ये म्हणायचं. आणि तो गेला की लगेच गिअर टाकायचा नाही. "दम धर. त्याच्या मांगं आनखी एक राह्यते. तो तुले दिसत नाही." यातल्या प्रत्येक वाक्यासाठी मी एकेक फटका खाल्ला आहे.

बोट फुटल्यावर मी आठ दिवस गेले नाही. नवरा भांडायला निघाला होता, त्याला मीच थांबवलं आणि दुसऱ्या क्लासला नाव घातलं. तिथला पोरगा शेजारी बसून मोबाइल पाहायचा. मी कोणाला उडवलं असतं तरी त्यानं मान वर केली नसती. शेवटी बोटाला पट्टी बांधून मी परत धोट्याकडे आले. उस्तादांनी माफी वगैरे मागितली नाही. "ये बस. पयला गिअर," एवढंच म्हणाले. खोटं कशाला बोलू, त्यांचं मारणं चूकच होतं आणि ते मी त्यांना तोंडावर सांगितलंही होतं. तरी तो माणूस मला आवडायचा.

गाडीबाहेरचं प्रकरण तर आणखी वाईट. समोरच्यानं त्याची पाळी नसताना गाडी घातली की उस्ताद शिकवणी सोडून खाली उतरायचे. हातात धोटा. सराफा ओळीत एका शेठजीच्या भल्यामोठ्या गाडीचा आरसा त्यांनी एका फटक्यात लोळवला, मग शेठजीच्या दोन माणसांनी त्यांना गटाराच्या कडेला पाडून लाथा घातल्या. मी गाडीत बसून किंचाळत होते. ते उठले, तोंडातलं रक्त थुंकले, खिशातून काढलेल्या रुमालात एक दात गुंडाळला आणि माझ्या शेजारी येऊन बसले. आता चालव म्हणाले. क्लच सोडताना गाडी तीनदा बंद पडली, आणि तिन्ही वेळा मला शिव्या पडल्या. दुसऱ्याला वाट सोडायला शिकवणारा हा माणूस स्वतः भांडणात बोटभरही मागे सरत नाही, असं मी एकदा ऐकवलं. तर म्हणाले, "माह्या हक्कासाठी नाही लढून राह्यलो मी. नियमासाठी लढून राह्यलो." मला त्यात काही फरक दिसला नाही.

पण थांबायची पाळी त्यांच्यावर असली की तोच माणूस ओळखू यायचा नाही. कापडाच्या गाठी लादलेली हातगाडी चढावर घेऊन कोणी येत असलं, की गाडी बंद करून खुशाल बसून राहायचे. मागचे लोक हॉर्न वाजवून, आईबहीण काढून थकायचे. उस्ताद हॉर्नला हात लावायचे नाहीत. खिडकीतून तो जाड, केसाळ हात काढून तळवा वर करायचे आणि हातगाडीवाल्याला म्हणायचे, "ये गा. आरामात ये." त्या वेळी त्यांच्या आवाजात जी माया असायची ती आम्हां शिकणाऱ्यांच्या वाट्याला कधी आली नाही.

घरी सगळ्यात जास्त मार राजूनं खाल्ला, त्यांच्या मुलानं. त्याच्या भुवईवरची खूण धोट्याचीच. राजू तिशीचा झाला, क्लासची दुसरी गाडी चालवू लागला, आणि रागही बापाचा घेऊन आला. उस्तादांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. एकदा माझ्यासमोर चहा ठेवताना त्या म्हणाल्या, "या बापलेकायचं काय, मार देतेत अन् मार खातेत. राजूचा हात जड हाये. तो एखाद्या दिवशी कोनाचा जीव घेईन, अन् मी दोघायलेही मुकीन." मी चहा तसाच ठेवला. ती भीती मी पुढे कधी विसरू शकले नाही.

शंकर हा उस्तादांचा जुना शागीर्द. पलीकडच्या गल्लीत राहायचा, स्वतःची मालाची मेटॅडोर चालवायचा. शिकताना त्याचंही बोट मोडलं होतं. एका संध्याकाळी हातगाड्या त्याच्या बाजूला लागलेल्या असताना तो थांबला नाही, सरळ उस्तादांच्या अंगावर आला. उस्ताद उतरले आणि त्याच्याच हमालांसमोर त्याच्या कानावर धोटा हाणला. इतक्या वर्षांचं काय काय साठलं होतं कोण जाणे. शंकरनं सीटखालून जॅकचा लोखंडी दांडा काढला. पहिल्या घावात उस्तादांचं मनगट गेलं, दुसरा डोक्यात बसला. टाक्यांच्या वेळी मी दवाखान्यात होते. डोक्याची कातडी शिवत असताना ते पुटपुटत होते, की शंकरचं शिकनं कच्चं राह्यलं.

ठाण्यात त्यांनी तक्रार दिली नाही. "पयला मार माहा होता," असं जमादाराला सांगून आले. राजू त्या दिवसापासून बापाशी बोलेनासा झाला. शंकरचं नाव मात्र घेत राहिला, रोज, जेवताना, गाडी पुसताना. चार महिन्यांनी उस्ताद झोपेतच गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय. राजू म्हणाला, दांडा. काकूंनी धोटा त्याच्या हातात दिला आणि बापाच्या चितेवर ठेव म्हणून सांगितलं. त्यानं तो कमरेला खोचला.

त्यांच्याकडे बायका घाटावर जात नाहीत, गल्लीच्या तोंडापर्यंत जातात. शववाहिका तिथेच उभी होती, आत येणं शक्य नव्हतं. तिरडी शागीर्दांच्या खांद्यावर, पुढे विस्तवाचं मडकं घेऊन राजू, मागे आम्ही. गल्लीच्या मध्यावर आमच्या डाव्या हाताला दोन टेम्पो लागलेले होते. त्यांना वळसा घालायला आमचे लोक मधोमध आले आणि समोरून मेटॅडोर वळली. शंकर होता. बातमी त्याला कळली नव्हती की कळली म्हणूनच तो आला होता, हे मला आजही माहीत नाही.

त्यानं गाडी जागीच थांबवली, मागे घ्यायला पाहिली, पण मागे भरलेली हातगाडी येऊन टेकली होती. राजूनं मडकं रस्त्यावर ठेवलं. ते मध्येच कुठेही खाली ठेवायचं नसतं, आणि बघणाऱ्या सगळ्यांना कळलं की आता काय होणार. धोटा हातात घेऊन तो धावला, मेटॅडोरचं दार उघडलं आणि शंकरच्या कपाळावर घातला. कपाळ फुटलं, रक्ताची धार काचेवर उडाली. शंकरनं हात उचलला नाही. स्टिअरिंग धरून बसून राहिला. मागून कोणीतरी "मार त्याले" म्हणालं. खांदेकऱ्यांपैकी दोघांचे हात सुटायला लागले आणि तिरडी एका अंगाला कलली. राजूनं दुसऱ्यांदा हात वर नेला.

काकू कधी पुढे गेल्या ते मी पाहिलं नाही. त्या ओरडल्या नाहीत. उस्ताद गाडीत विचारायचे अगदी तशाच सुरात त्यांनी विचारलं, "राजू, गाड्या कोनाच्या बाजूनं उभ्या हायेत?"

राजूचा हात वरच होता. त्यानं वळून टेम्पोंकडे पाहिलं. मग तिरडीकडे.

"आपल्या," तो म्हणाला.

"मंग?"

मग हात खाली आला. त्यानं मेटॅडोरचं दार लावलं, परत येऊन मडकं उचललं आणि रडायला लागला. खांदेकरी न सांगता मागे सरकले, टेम्पोच्या मागे, गाडीभर अंतर ठेवून, आणि उस्तादांना खांद्यावर घेऊन थांबले. काकूंनी हात पुढे केला, तळवा वर केला आणि शंकरला ये म्हटलं.

मेटॅडोर आमच्या अंगाला घासून गेली. शंकरच्या डोळ्यात रक्त उतरत होतं, गाल ओले होते, पण त्यानं तिरडीला हात जोडले नाहीत. दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट. इतक्या अरुंद जागी हात सोडला असता तर उस्तादांनी त्याचं बोट पुन्हा मोडलं असतं.

ती पुढे गेली तसे खांदेकरी निघाले. "दम धरा," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. सगळे थांबले, आणि मेटॅडोरच्या मागून ती भरलेली हातगाडी आली. तिलाही जाऊ दिलं. मग आम्ही त्यांना नेलं.

धोट्याचं पुढे काय झालं ते मी राजूला विचारलं नाही. क्लासच्या गाडीत तो पुन्हा दिसला नाही. राजू आता शिकवताना खूप ओरडतो, पण हात उचलत नाही. मला उस्तादांची फार आठवण येते. माझं ते नख अजून वाकडंच वाढतं, आणि कोणासाठी गल्लीत थांबले की स्टिअरिंगवर आधी तेच दिसतं.