करवतीला हळदकुंकू

आमच्या घराण्यात हत्यारांची पूजा पिढ्यान्‌पिढ्या झाली, वापर मात्र कुणी केला नाही. भिक्षुकी, मास्तरकी आणि कारकुनी यांवर आमचं भागलं. आजोबांनी घेतलेली करवत दर खंडेनवमीला माळ्यावरून खाली यायची, हळदकुंकू लावून घ्यायची आणि परत माळ्यावर जायची. म्हणून तिचे दात अजून शाबूत आहेत.

कचेरीतून निवृत्त झाल्यावर मी मोबाईलवर बघून सुतारकाम शिकलो. घरातली दोन दारं तेव्हापासून नीट लागत नाहीत. तरीही नगरात आमच्याच इमारतीत राहणाऱ्या धाकट्या भावाने आपली दोन्ही मुलं माझ्याकडे धाडली. त्यांच्या हातातला मोबाईल सुटावा, एवढाच हेतू. पुतण्याने पहिल्याच दिवशी हातात हातोडी धरून फोटो काढून घेतला आणि त्याचं शिक्षण पूर्ण झालं. पुतणी राहिली. तिला आजीसाठी बुटकं बाकडं करायचं होतं.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर माझ्या आईला जमिनीवर बसायची बंदी होती. देव्हारा अगदी खाली आणि ती प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, त्यामुळे देवांपर्यंत हात पोचत नसे. "कोंबड्यांना दाणे टाकावेत तशी फुलं टाकते मी," असं एकदा म्हणाली आणि रडली. पुतणीने ते ऐकलं होतं.

तिसगावच्या माझ्या शेतकरी मित्राने बाभळीची फळी दिली. "लाकूड लई चिवट हाय. पोरीला न्हाई झेपायचं," तो म्हणाला. मलाही झेपलं नाही. पुतणी मात्र शाळेतून आली की करवत घेऊन बसे. काटकोन कसा तपासायचा ते मी तिला शिकवलं, तर तिने आधी माझाच काटकोन चुकीचा ठरवला. भाऊ रोज संध्याकाळी हात मागे बांधून यायचा आणि "फिनिशिंग हवं," एवढं सांगून जायचा. आमच्याकडे काम करायला माणूस मिळत नाही, सांगायला रांग असते.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी बाकडं उभं राहिलं. सकाळी बघतो तर भावाने त्याला झेंडूची माळ घालून पूजेत मांडलेलं. शेजारी करवत, रंधा आणि भावाचा लॅपटॉप. चारही पायांना कुंकू. फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला, तिकडून जोडलेले हात आले. आई खुर्चीवरच बसली होती.

"आजी बसणार कधी?" पुतणीने विचारलं.

"अगं, पूजेतल्या वस्तूवर बसतात का?" भाऊ म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. मी तोंड उघडणार, एवढ्यात आईने मला जवळ ओढलं आणि कानात म्हणाली, "असू दे रे. माझ्या वजनाने मोडलं तर पोर हिरमुसेल." कमी ऐकू येत असल्यामुळे आई कानातही मोठ्यानेच बोलते. सगळ्या खोलीने ते ऐकलं.

पुतणीने माळ काढून बाजूला ठेवली, बाकड्यावर चढली आणि दणादण उड्या मारल्या. लाकूड हूं की चूं करेना. "अगं, पाय लागतोय," भाऊ ओरडत राहिला. ती खाली उतरली, बाकडं देव्हाऱ्यापुढे सरकवलं आणि आजीकडे बघत उभी राहिली.

आईने पदराने फळी पुसली, माझा हात धरला आणि बसली. एक बारीकशी करकर झाली. पुढे काही झालं नाही.

मग आईने अन्नपूर्णा उचलून हातात घेतली. बाळकृष्ण घेतला. एकेक देव घासून पुसू लागली, गंध लावू लागली, मधेच त्यांच्याशी बोलू लागली. नैवेद्य गार झाला. भाऊ दोनदा दारात येऊन खोकून गेला. आई उठेचना, आणि ऊठ म्हणायची कुणाची छाती होईना. पुतणी तिच्याजवळ फरशीवर बसली होती. बाकड्याचा एक पाय तिने हाताने घट्ट धरून ठेवला होता, न जाणो म्हणून.