पाच टोपणं

आमच्याकडे फवारणीचं औषध टोपणांनी मोजतात. बाटलीचं टोपण हेच माप. "एका पंपाले पाच टोपनं," म्हटलं की विषय संपला. तोंडाला गमछा बांधायचा, पाठीवर पंप घ्यायचा आणि तुरीत उतरायचं.

मी डोणगावात कॉम्प्युटरचे क्लास घेतो. मेहकर तालुक्यात माझ्याएवढा मोठा प्रोग्रामर नाही, अशी एका माणसाची पक्की खात्री होती. तो माणूस मीच. ओळखीच्या कृषी केंद्रवाल्याला मी प्रोग्राम लिहून दिला: पीक सांगा, औषध सांगा, स्क्रीनवर टोपणं दिसतील आणि शेतात न्यायला चिठ्ठी छापून निघेल. उद्घाटनाला मी नारळ फोडला, भाषण ठोकलं आणि गर्दीतून माझ्या बालमित्राला पुढे ओढलं. तो फवारणीची मजुरी करायचा. माप अंदाजानं घ्यायचा. औषध कडक झालं की वासावरून ओळखायचा.

"याच्या नाकावर भरवसा ठेवायचे दिवस गेले!" मी हात उंचावून गर्जलो. लोक हसले.

तोही हसला. "लय शायना झाला बे तू," म्हणाला आणि चिठ्ठी खिशात घातली. पुढे तो चिठ्ठीशिवाय पंप भरेना.

तुरीवरच्या अळीच्या औषधाचं टोपण दहा मिलीचं होतं. तो दहाचा आकडा मी प्रोग्राममध्ये पाच ठिकाणी लिहिला होता. एकदा लिहिलेला तुकडा उचलायचा आणि लागेल तिथे चिकटवायचा, ही आपली कारागिरी. पुढच्या हंगामात दुकानदाराचा फोन आला: नव्या बाटलीचं टोपण मोठं आहे, पंचवीस मिलीचं. मी हात धुऊन जेवायला बसण्याआधी आकडा बदलून टाकला. चार ठिकाणी. स्क्रीनवर पाचाची दोन टोपणं झाली, मी खूश. पाचवी जागा चिठ्ठी छापणाऱ्या भागात होती.

आठवड्याभरानं सकाळी, क्लास भरलेला असताना, मित्राचा शेतातून फोन आला. पोरांची करमणूक व्हावी म्हणून मी स्पीकर लावला.

"अबे, चिठ्ठीत पाच टोपनं लिहून आहे. टोपन तं मोठं दिसून राह्यलं. जास्त नाही होत का?"

"मशीन चुकत नसते, राजा. नाक बाजूला ठेव आणि चिठ्ठी वाच!"

पोरं खिदळली. मला ते फार आवडलं.

"हाव. तू म्हन्तो तं टाकतो मंग."

दुपारी तो धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, ओकत पडलेला सापडला. दवाखान्यात नेलं तेव्हा डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. अकरा दिवस नळ्या लावलेल्या होत्या. वाचला. घरी आला आणि मग पाय जायला लागले. विष नसांत उतरलं, डॉक्टर म्हणाले. ताकद परत येईल, न येईल. आलेली नाही.

गावानं वाऱ्याला दोष दिला. त्याच्या बायकोनं त्याला दिला, तोंड नीट बांधलं नाही म्हणून. पाचवी जागा मला सापडली होती, तरी मी मान हलवत राहिलो. भाषणं ठोकणारा माणूस दोन महिने गप्प होता.

शेवटी त्याला गाडीवर बसवून क्लासवर आणलं आणि सगळं सांगितलं.

"दाखव," म्हणाला.

मी त्या पाच ओळी दाखवल्या. चार ठिकाणी पंचवीस, एका ठिकाणी दहा. तो सातवी शिकलेला. स्क्रीनवर बोट ठेवत एकेक आकडा वाचत गेला.

"एकच गोष्ट पाच जागी काऊन लिहिली बे?"

"सोपं पडतं म्हणून."

"मंग एकाच जागी लिहून पाचही जनाले तिथं पाहाले लावाचं होतं न."

चांगला प्रोग्राम कसा लिहावा हे मी पोरांना वर्षानुवर्षं शिकवत आलोय. हे वाक्य मी एकदाही उच्चारलं नव्हतं.

"मी फोन केल्ता तुले," तो म्हणाला. "तवा पोरं हासत होती."

क्लासच्या दाराला तीन पायऱ्या आहेत. मी हात पुढे केला. त्यानं तो घेतला नाही. भिंत धरून तो खाली बसला आणि बसल्या बसल्या एकेक पायरी उतरला.